मॅडमचं उजवं पाऊल

मॅडमच्या पहिल्याच तासाला आम्हाला बूट आणि मोजे काढावे लागले.

फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष. वर्गातली निम्मीअधिक मुलं बाहेरगावची, बेंगळुरूच्या हॉस्टेलांत नुकतीच येऊन पडलेली. शरीररचनेचा तास म्हणून आम्ही जाडजूड पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलो होतो. मॅडम आल्या. ठेंगण्या, काठाची सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात रंगीत स्केचपेनांचा डबा. दारातूनच इंग्रजीत म्हणाल्या, "पुस्तकं बंद. बूट काढा. मोजेही. लाजू नका, पाय सगळ्यांचेच वास मारतात."

मग दोघादोघांच्या जोड्या. एकाने पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाय पुढे करायचा, दुसऱ्याने त्यावर स्केचपेनने चित्र काढायचं. लाल रंगाने स्नायू, निळ्याने शिरा, पिवळ्याने नर्व्ह. मॅडम रांगांमधून फिरत, वाकून प्रत्येकाचा पाय बघत आणि चुकीची रेघ थुंकी लावून अंगठ्याने पुसत. थुंकी त्यांची स्वतःची. आज कुणी असं केलं तर तक्रार होईल, पण तेव्हा आमची बोलायची छाती नव्हती.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला बोटाने चाचपायला लावलं. तिथे हाडाचा एक उंचवटा लागतो. फिब्युला नावाच्या बारीक हाडाचं ते डोकं. त्याच्या जरा खाली, त्या हाडाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नावाची एक नर्व्ह पुढे येते. बोट आडवं फिरवलं की ती कातडीखाली सुतळीसारखी सरकते. पाऊल आणि बोटं वर उचलायचं सगळं काम तिच्या हातात. ती गेली की पाऊल लोंबतं, चालताना फरशीवर आपटतं.

"बाकी सगळ्या नर्व्ह देवानं मांसात नीट झाकून ठेवल्या," मॅडम म्हणाल्या. "हिच्या वेळी त्याला कुठं तरी जायची घाई होती."

संध्याकाळी आम्ही रंगवलेले पाय घेऊन बसमधून हॉस्टेलवर गेलो. एका मुलीच्या आईने व्हिडिओ कॉलवर तो पाय पाहिला आणि बेंगळुरूला जाऊन आठवड्यात टॅटू काढला म्हणून रडायला सुरुवात केली.

हजेरीत माझं आडनाव ऐकून मॅडमनी मान वर केली. तास संपल्यावर मला थांबवून मराठीत म्हणाल्या, "कुठली गे तू?"

"नागपूरची."

"आम्ही इथलेच. पणजोबांच्या आधीपासून. चिक्कपेटेत आमचं कापडाचं दुकान आहे, भाऊ बघतो. आमच्या मराठीला स्वल्प कानडीची फोडणी आहे, चालेल ना? तुमच्या मराठीला कसली असते?"

"तर्रीची, मॅडम."

त्या खळखळून हसल्या. त्या दिवसापासून माझं नाव 'नागपूर' झालं, ते आजतागायत.

नावाने हाक न मारायला कारण होतं. मॅडमना नावं आणि चेहरे लक्षात राहत नसत. वर्षभर शिकवलेला विद्यार्थी समोर उभा राहिला तरी त्या सभ्यपणे, कोऱ्या नजरेने बघत. एकदा सुट्टीत मी त्यांना बसवनगुडीत भाजी घेताना पाहिलं, जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी शेजारणीला करावा तसा नमस्कार केला आणि घेवडा निवडत राहिल्या. मी हिरमुसून परत फिरले. थोडी लांब गेले असेन, तेवढ्यात मागून हाक आली, "ए नागपूर! आधी बोलायचं नाही का? तोंड काय दाखवतेस, चालून दाखव!" माझी डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजते, हे मला त्या दिवशी भर बाजारात कळलं.

पायावर पाय टाकून बसलेला माणूस त्यांना सहन होत नसे. बसमध्ये, लग्नात, बँकेत, कुठेही. गुडघ्याच्या त्या बाहेरच्या जागी दुसऱ्या पायाचा दाब येतो आणि नर्व्ह चेंगरते, हे त्या अनोळखी माणसाला सुद्धा छत्रीच्या मुठीने गुडघ्यावर टकटक करून सांगत. "पाय खाली घ्या, सार्." बहुतेक जण घाबरून घेत.

पार्कात फिरायला त्या स्वतःच्या तब्येतीसाठी जात नसत. लोकांची चाल बघायला जात. एका सकाळी त्यांना पुढे चाललेल्या एका गृहस्थांचं पाऊल फटफट वाजताना ऐकू आलं. मॅडम त्यांच्या मागे लागल्या. गृहस्थ पार्काबाहेर पडले, मॅडमही पडल्या. ते दुधाच्या दुकानात थांबले, त्याही थांबल्या. शेवटी ते घरात शिरले आणि मॅडमनी घंटी वाजवली. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"तुमच्या यजमानांचं डावं पाऊल उचलत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी अलीकडे वजन फार कमी केलंय का?"

बाई गार पडल्या. नवऱ्याच्या वजनाची चौकशी करणारी ही गजरेवाली कोण, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. पण गृहस्थांनी खरोखरच डायबेटीसच्या धास्तीने जेवण तोडलं होतं आणि रोज सकाळ-संध्याकाळ मांडी घालून लांबलचक पूजा चालायची. अंगावरचं मांस झडलं की त्या नर्व्हवरची उरलीसुरली गादीही जाते, मग मांडी घालून बसलं की ती हाडावर दाबली जाते. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसून पूजा करायला सांगितली आणि डॉक्टरकडे पाठवलं. काही महिन्यांनी त्यांचं पाऊल पहिल्यासारखं झालं. पुढे दरवर्षी दसऱ्याला त्या घरून मॅडमकडे म्हैसूरपाकाचा डबा येई. बाई स्वतः घेऊन येत, नवऱ्याला पाठवत नसत.

पण वर्गात मॅडम खऱ्या गाजल्या त्या नकलांमुळे. पायाच्या भागाला सुरुवात झाली की त्या रोज वेगळ्या चालीने वर्गात येत. कधी अर्धांगवायू झालेल्या माणसासारख्या पाय अर्धवर्तुळात फिरवत, कधी कंबर एका बाजूला पाडत. टेबलापर्यंत पोहोचायच्या आत आम्ही ओरडून सांगायचं, कुठली नर्व्ह, कुठल्या जागी. पाऊल लोंबणाऱ्या माणसाची चाल त्यांची सर्वांत आवडती. तो माणूस बोटं अडखळू नयेत म्हणून गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फट्‌कन खाली टाकतो. मॅडम ती चाल अशी करत की मागच्या बाकांवरून टाळ्या पडत.

मी शिकून बाहेर पडले, एचएसआर लेआउटमध्ये एका क्लिनिकात लागले. दिवसभर आयटीतल्या लोकांच्या माना आणि कंबरा. शनिवारी दुपारी मात्र मी कॉलेजात जाऊन मॅडमच्या प्रात्यक्षिकांना मदत करत असे. त्या तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण कॉलेजने त्यांना सोडलं नव्हतं आणि त्यांनीही कॉलेजला.

एका सकाळी क्लिनिकात पेशंट टेबलावर असतानाच त्यांचा फोन आला. मॅडम कधी कामाच्या वेळी फोन करत नसत.

"नागपूर, मी गटारात पडले."

"काय? कुठे?"

"घराजवळच. फुटपाथवरचा दगड फुटला, उजवा पाय आत गेला. रक्त आहे, ते राहू दे, लोक आहेत इथं, रिक्षा बोलावलीय." मग जरा थांबून अगदी शांतपणे म्हणाल्या, "अगं, अंगठा वर येत नाही."

मी पेशंटला तिथेच सोडून निघाले.

फुटलेल्या दगडाची धार बरोबर त्याच जागी लागली होती. फिब्युलाच्या मानेशी. हॉस्पिटलात मी पोहोचले तेव्हा मॅडम स्ट्रेचरवर होत्या आणि पाय तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला सांगत होत्या की अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या कातडीवर कापूस फिरव, बघ, मला कळत नाही. तो फिरवत होता. मॅडम छताकडे बघत म्हणत होत्या, "आता फिरवलास? नाही? आता?" तो सगळा वेळ फिरवतच होता.

सर्जननी जखम उघडून पाहिली. नर्व्ह नुसती कापलेली नव्हती, बऱ्याच लांबीपर्यंत चिरडली होती. खराब तुकडा काढून पोटरीतल्या एका संवेदनेच्या नर्व्हचा तुकडा मध्ये जोडावा लागला. सर्जन बोलायला सरळ होते. "ही नर्व्ह लहरी आहे, मॅडम. तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला."

दोनेक महिन्यांनी मॅडम कॉलेजात परतल्या. नवीन बॅच होती, त्यांना एवढंच माहीत होतं की मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्या शिक्षकांनी त्यांना मॅडमच्या नकलांविषयी सांगून ठेवलं होतं. मॅडम दारातून आल्या, उजवा गुडघा उंच उचलत, पाऊल फट्‌ फट्‌ टाकत. अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "कॉमन पेरोनियल! फिब्युलाच्या मानेशी!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मॅडम टेबलापर्यंत आल्या. हाताने टेबल धरलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "पूर्ण मार्क. फक्त आज मी नक्कल करत नाहीये."

मग खुर्ची ओढली, साडी गुडघ्याखालपर्यंत वर घेतली आणि जखमेचा व्रण दाखवून तासाला सुरुवात केली. मी मागे उभी होते. मला खिडकीबाहेर बघत राहावं लागलं.

जोडलेली नर्व्ह वरून खाली वाढत येते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तिचं टोक कुठवर आलं ते बाहेरून कळतं. तिच्या वाटेवर बोटाने टिचकी मारत गेलं की टोकाशी मुंग्या येतात. मॅडम दर रविवारी टिचक्या मारून ती जागा शोधत आणि पिवळ्या स्केचपेनने पायावर ठिपका काढत. पहिले काही महिने ठिपका खाली सरकत होता. त्यांची भावजय मला फोन करून सांगे, "अक्का आज खुशीत आहेत, ठिपका उतरला." मग तो थांबला. एका रविवारी, दुसऱ्या रविवारी, तिथेच. मॅडमनी टिचक्या जोरात मारायला सुरुवात केली. त्या जागेवर काळंनिळं झालं.

सर्जननी दुसरा मार्ग सुचवला. नडगीच्या मागे खोल एक स्नायू आहे, तो पाऊल आत वळवतो. त्याची नर्व्ह वेगळी आणि ती शाबूत होती. त्या स्नायूचा दोर, म्हणजे टेंडन, खालून सोडवायचा, नडगीच्या दोन हाडांमधल्या पडद्यातून पुढे आणायचा आणि पावलाच्या वरच्या बाजूला हाडात रोवायचा. मग जो स्नायू पाऊल आत वळवायचा तोच ते वर उचलेल. मॅडमनी हे ऑपरेशन वर्गात अनेक वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. स्वतःसाठी मात्र साफ नकार दिला.

"नर्व्ह येतेय. वेळ लागतो."

पावलाला आधार देणारा प्लास्टिकचा पट्टाही त्या घालत नसत. विद्यार्थ्यांना खरी चाल दिसली पाहिजे, हे कारण. कॉलेजच्या जिन्यात दोनदा पडल्या. भावजय रडकुंडीला आल्या. सर्जन मला म्हणाले, "पाऊल उचलणारं कुणी नाही, त्यामुळे पोटरी आखडत चाललीय. घोटा कडक झाला तर पुढे दोर बदलून काहीच होणार नाही. त्यांना कुणीतरी सांगायला हवं."

मी एका रविवारी बसवनगुडीत त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पण त्यांच्या समोर बसल्यावर त्यातलं एक वाक्यही योग्य वाटेना. त्यांना पलंगावर पाय लांब करून बसायला सांगितलं. गुडघा सरळ ठेवून, टाच तळहातात धरून मी पाऊल हळूहळू त्यांच्या नडगीकडे ढकललं. पाऊल थोडं आलं आणि अडलं. मी दाब तसाच ठेवला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"किती येतंय?" त्यांनी विचारलं.

"काटकोनापर्यंत येत नाहीये, मॅडम."

"मागच्या महिन्यात?"

"येत होतं."

"कोन मोजलास?"

"मोजू का?"

त्यांनी मान हलवली. "नको. मला कळतंय की गे." मग त्या बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत राहिल्या. "तू धरून ठेव. सोडू नकोस. ताण बसू दे." आणि थोड्या वेळाने, "सरी, ठीक आहे. उद्या सर्जनना फोन करून सांग, अक्का तयार आहे म्हणून." भावजय त्यांना ज्या नावाने हाक मारत तेच नाव त्यांनी वापरलं, याचं मला आश्चर्य वाटलं.

ताण देऊन देऊन घोटा परत सैल करायलाच दोन-अडीच महिने गेले. मग ऑपरेशन, मग प्लास्टर. प्लास्टर निघालं त्या दिवसापासून मॅडम माझ्या हाती आल्या आणि मला कळलं की जगातला सर्वांत कठीण पेशंट म्हणजे शरीररचनेचा प्राध्यापक.

अडचण अशी होती की त्या स्नायूला त्याच्या जागेची बदली कळवायची होती. आयुष्यभर पाऊल आत वळवायचा हुकूम पाळलेला तो गडी. आता पेशंटने पाऊल आत वळवायचा विचार करायचा, म्हणजे ते वर येतं. साधा माणूस काही आठवड्यांत शिकतो. मॅडम त्या स्नायूला त्याच्या लॅटिन नावाने हुकूम सोडत. तो कुठे उगम पावतो, कुठून जातो, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे येई आणि पाऊल ढिम्म राही. मग त्या त्याला कानडीत शिव्या देत. भावजय आतून "अक्का!" म्हणून ओरडत.

"मॅडम, नाव विसरा. तुमच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला मांजर बसलंय, त्याला त्या पावलानं आत ओढून घ्या."

"चाळीस वर्षं तेच नाव शिकवलं आणि आता विसरू?"

"हो."

"मला मांजरं आवडत नाहीत."

"मग मांजर नको, चप्पल ओढा."

त्यांनी डोळे मिटले. काही झालं नाही. पुन्हा. पुन्हा काही नाही. मी माझा हात त्यांच्या नडगीच्या मागे ठेवला होता, तिथे मला स्नायू हलकासा घट्ट झाल्यासारखा वाटला. आणखी एका प्रयत्नाला पावलाच्या वरच्या बाजूला, नव्या जागी, कातडीखाली दोर ताठ उभा राहिला आणि पाऊल वर आलं. फार नाही. पण फरशीपासून बोटं सुटली.

मॅडमनी डोळे उघडले. स्वतःच्या पावलाकडे त्यांनी असं पाहिलं जसं एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेकडे बघत. "परत," त्या म्हणाल्या. मी थकेपर्यंत त्या "परत, परत" म्हणत राहिल्या. मीच शेवटी पुरे म्हटलं, कारण नवा दोर असा ताणायचा नसतो. त्या चिडल्या.

आता त्या चालतात. काठी नाही, पट्टा नाही. बारकाईने बघणाऱ्याला उजवं पाऊल किंचित उशिरा उचललं जाताना दिसतं. तसं बघणारा त्यांच्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे प्रश्न येत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे एक मुलगी आली. पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. स्कूटरच्या अपघातात गुडघ्याशी तीच नर्व्ह गेली होती, वर्ष उलटलं तरी परत आली नव्हती. सर्जननी तेच ऑपरेशन सांगितलं होतं. ती ऐकायला तयार नव्हती. "एक मसल काढून दुसरीकडे लावणार, म्हणजे जुगाडच ना?" मी परोपरीने समजावलं. मग तिला बसवनगुडीला घेऊन गेले.

मॅडमनी तिला चहा दिला, चालायला लावलं आणि स्वतःचं उजवं पाऊल स्टुलावर ठेवलं. तिचा हात धरून आपल्या पावलावर ठेवला आणि पाऊल वर-खाली केलं. मुलीच्या बोटांखाली तो दोर उभा राहिला, बसला, उभा राहिला.

"आपलं वाटतं का हे पाऊल?" तिने विचारलं.

"चप्पल घालताना वाटतं. पळताना नाही. पळता येणार नाही तुला नीट, ते आत्ताच सांगून ठेवते. डोंगर चढशील. नाचशील, पण वाईट. तू आधी चांगली नाचायचीस?"

"नाही."

"मग काय गेलं?"

मुलगी हसली नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी रडलात का?"

मी चपापले. इतक्या वर्षांत मी असला प्रश्न त्यांना विचारला नव्हता आणि कुणी विचारताना ऐकलाही नव्हता. आता मॅडम तिला बाहेर काढतील असंच मला वाटलं.

"ऑपरेशनच्या आधी?" मॅडम म्हणाल्या. "रोज. न्हाणीघरात बादलीचा नळ मोठा सोडून. भावजयीला वाटायचं, अक्का पाणी फार वापरतात." त्यांनी पाऊल स्टुलावरून खाली घेतलं आणि साडी नीट केली. "नंतर नाही. व्यायाम केवढा असतो, बाई. सवडच झाली नाही."

मला हे माहीत नव्हतं. भावजयींनाही नव्हतं, त्या चहाचे कप उचलायला आल्या होत्या आणि हातात ट्रे घेऊन तशाच दारात उभ्या राहिल्या.

मुलीने नाक पुसलं. मग खाली वाकून आपल्या पायाच्या पट्ट्याचे बंद सोडले, मोजा काढला आणि उघडं पाऊल मॅडमच्या पुढ्यात स्टुलावर ठेवलं.